डोमेनचा भाव ठरला, पण वरचा खर्च कोणाचा? एका फराळ व्यवसायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात दोन जावांनी घरातून सुरू केलेला दिवाळी फराळाचा व्यवसाय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हिशेब समजावा म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत आणि डॉलर सगळीकडे ८४ रुपये धरला आहे. थोरल्या जाऊबाई हिशेब आणि बँक सांभाळतात, धाकट्या ऑर्डरी आणि पॅकिंग. वेबसाइट, ईमेल, कुरिअरच्या नोंदी हे सगळं पुतण्याकडे. तो एकीला मोठी काकू आणि दुसरीला धाकटी काकू म्हणतो, आणि दोघींचं ऐकून तिसरंच काहीतरी करतो, अशी दोघींची एकमुखी तक्रार आहे.

व्यवसायाकडे .इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आधीपासून होतं. ते त्यांनी काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून घेतलं होतं. यूपीआयने पैसे दिले आणि त्याने नाव यांच्या खात्यात टाकलं. त्या व्यवहारात फीचा विषयच निघाला नाही, कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद आहे. हजार दिले की समोरच्याला हजार मिळतात. पुढचा घोळ समजायला ही सवय लक्षात ठेवावी लागते.

अडचण परदेशातल्या गिऱ्हाइकांची होती. अमेरिका, इंग्लंड आणि आखातात पार्सलं मागवणारी मंडळी नावापुढे सवयीने .कॉम टाकायची आणि ‘हे नाव विक्रीला आहे’ अशा पानावर जाऊन पोचायची. २०२४ च्या श्रावणात धाकट्यांनी ठरवलं की या दिवाळीआधी .कॉम घ्यायचंच.

नाव युरोपातल्या एका डोमेन व्यापाऱ्याकडे होतं. हा धंदा कायदेशीर आहे आणि जुना आहे. .कॉम नावांची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, रजिस्ट्रार तिच्याकडून घाऊक दराने नोंदणी घेऊन लोकांना विकतात, आणि जो आधी नोंदवेल त्याचं नाव. असे व्यापारी शेकडो नावं धरून बसतात आणि गरजू आला की विकतात. या नावाची मागणी किंमत एका डोमेन बाजारावर १,४०० डॉलर लिहिलेली होती. पुतण्याने त्या माणसाचा ईमेल पत्ता शोधून थेट लिहिलं. चार-पाच ईमेलांनंतर भाव १,००० डॉलरवर उतरला. उतरण्याचं कारण व्यापाऱ्याने स्वतःच सांगितलं: बाजारामार्फत विकलं तर दलाली कापली जाते, थेट विकलं तर ती वाचते. नावाची मुदत नोव्हेंबरात संपत होती. ती एक वर्षाने वाढवून देईन, असंही त्याने त्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. हे वाक्य पुढे उपयोगी पडलं.

भाव ठरला. पैसे कसे द्यायचे, हे मात्र ठरलं नव्हतं.

अडचण

व्यापाऱ्याला बँकेतून पैसे हवे होते. पुतण्याने विचारलं, पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवरून बिल पाठवता का, म्हणजे क्रेडिट कार्डाने लगेच देता येतील. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले असले तरी परदेशी देणं चालतं. दुसऱ्या दिवशी बिल आलं, १,०४६.०३ डॉलरचं. वरच्या ४६.०३ डॉलरपुढे लिहिलं होतं, ‘पैसे स्वीकारण्याचा खर्च’.

हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. त्याच्या म्हणण्यानुसार परदेशी कार्डावर त्याला ४.४ टक्के पडत होते. १,००० वर ४.४ टक्के चढवले तर १,०४४ होतात, पण फी त्या १,०४४ वर लागते आणि हातात ९९८.०६ उरतात. हातात पूर्ण हजार पडायचे तर हजाराला ०.९५६ ने भागावं लागतं, आणि उत्तर १,०४६.०३ येतं. गणित चोख होतं. वाद गणिताचा नव्हताच.

थोरल्यांचं माहेर नाशिककडचं. वडील लासलगावला कांदा घालायचे. विक्रीच्या पट्टीतून हमाली, तोलाई, आडत (अडत्याची दलाली) कशी वजा होते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया अशी होती: ‘विकणाऱ्याची आडत विकणाऱ्याने द्यायची. भाव ठरल्यावर वर मागायचं नाही.’ धाकट्या म्हणाल्या, ‘ताई, २०१६ ला नियम उलटा झाला. फळं-भाजीची आडत आता घेणाराच देतो.’ दोघींचंही बरोबर होतं. राज्य सरकारने त्या वर्षी जुलैत फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला आणि नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलावही थांबले होते. पण त्या भांडणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आडत ज्याच्या नावावर लिहिली, त्याच्याच खिशातून ती जाईल असं नाही. घेणाऱ्याला आडत द्यायची असेल तर तो बोली लावतानाच ती मनात धरतो. म्हणजे प्रश्न ‘फी कोणाची’ एवढाच नसतो. ‘ठरलेल्या भावात ती धरलेली होती की नव्हती’ हा खरा प्रश्न असतो, आणि इथे दोन बाजूंनी दोन वेगळी उत्तरं धरली होती. व्यापाऱ्याच्या डोक्यात हजार म्हणजे त्याच्या हातात पडणारे. काकूंच्या डोक्यात हजार म्हणजे आपल्या हातून जाणारे.

मी छोट्या व्यवसायांना वेबसाइट आणि डोमेनच्या कामात सल्ला देतो. प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर, बिल येऊन पडल्यावर.

तोवर पुतण्याने एक ईमेल पाठवून दिलेला होता. युरोपात कार्डावर जादा आकार घेण्याला बंदी आहे, तेव्हा तुम्ही हे मागूच शकत नाही, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. अशी बंदी आहे, हे खरं. युरोपीय संघात १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवर असा आकार लावता येत नाही. पण ती बंदी युरोपातल्या बँकांमध्ये होणाऱ्या देण्याघेण्याला आहे, भारतीय बँकेच्या कार्डाला नाही. व्यापाऱ्याने तेवढंच एका ओळीत उत्तर पाठवलं. सौदा होण्याआधीच सूर बिघडला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: बिल आहे तसं भरून टाकायचं. पण कार्डाने डॉलरमध्ये पैसे दिले की बँक स्वतःचा चलनबदलाचा आकार लावते. यांच्या कार्डावर तो ३.५ टक्के होता आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. १,०४६.०३ डॉलरचे ८७,८६७ रुपये, त्यावर ३,६२९ रुपये, मिळून ९१,४९५. ठरलेला भाव ८४,००० आणि जाणारे साडेएक्याण्णव हजार. यातले बिलावर दिसणारे ३,८६७ रुपये सगळ्यांच्या डोळ्यात खुपत होते. धाकट्यांच्या मापात सात किलो भाजणीच्या चकल्या. कार्डाच्या विवरणात मागाहून दिसणाऱ्या ३,६२९ रुपयांबद्दल मात्र मी विचारेपर्यंत कोणी बोललं नव्हतं. वरचा खर्च समोरचा माणूस मागतो तेव्हा भांडण होतं. तोच खर्च आपली बँक गुपचूप कापते तेव्हा होत नाही.

दुसरा पर्याय व्यापाऱ्यानेच सुचवला. पेपालवर हेच पैसे मित्र किंवा नातेवाइकांना पाठवतो आहोत असं दाखवायचं, म्हणजे त्याला फी पडणार नाही. याला मी लगेच नाही म्हटलं. तसं पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं, नाव हातात आलं नाही तर तक्रारीला जागा नाही. शिवाय धंद्याची खरेदी घरगुती म्हणून दाखवायची, मग वहीत तिचं बिल कुठलं लावणार? फी टाळायचा हा मार्ग डोमेनच्या व्यवहारात सर्रास सुचवला जातो. सुचवणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही, पण धोका सगळा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

तिसरा पर्याय थेट त्याच्या बँक खात्यात पैसे पाठवण्याचा. सगळ्यात स्वस्त. पण कधी न भेटलेल्या माणसाला ८४ हजार रुपये पाठवून नाव येण्याची वाट बघायची, हे थोरल्यांना मान्य होणं शक्य नव्हतं आणि मलाही नव्हतं.

चौथा पर्याय एस्क्रोचा. तिसऱ्या, परवानाधारक संस्थेकडे पैसे ठेवायचे. पैसे आल्याचं तिने सांगितल्यावर विकणारा नाव हस्तांतरित करतो, घेणारा ते आपल्या खात्यात आल्याची खात्री करतो आणि मग विकणाऱ्याला पैसे सुटतात. या रकमेला सेवेने ४० डॉलर फी दाखवली. ही फी घेणाऱ्याने द्यायची, विकणाऱ्याने द्यायची की अर्धी-अर्धी, हे व्यवहार उघडतानाच निवडावं लागतं. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. जो प्रश्न ईमेलमध्ये अंधारात राहतो, तो इथे फॉर्मच विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

पाचवा, सोडून देणं. .इन होतंच, तीन-चार वर्षं त्यावर धंदा चाललेला होता. हा पर्याय वापरायचा नसला तरी टेबलावर ठेवला, कारण तो नसेल तर घासाघीस करता येत नाही.

निर्णय

खर्च कोणाचा, याला एकच नियम लावला की वाद वाढतो. म्हणून आम्ही खर्चाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रश्न विचारला: हा खर्च कोणाच्या सोयीसाठी होतो आहे?

चलनबदलाचा खर्च घेणाऱ्याचा. आपल्याकडे रुपये आहेत ही त्या व्यापाऱ्याची अडचण नव्हे. पैसे पाठवायचा खर्चही घेणाऱ्याचाच, ठरलेली रक्कम ठरल्या जागी पोचवणं हे देणाऱ्याचं काम. पैसे स्वीकारायचा खर्च एरवी विकणाऱ्याचा. कोपऱ्यावरचा किराणावालाही कार्डमशीनचं भाडं गिऱ्हाइकाकडून वेगळं घेत नाही. पण इथे एक अडचण होती. पेपालची मागणी पुतण्याने केली होती. व्यापारी बँकेतूनच पैसे घ्यायला तयार होता. आपल्या सोयीसाठी समोरच्याला महागडा मार्ग घ्यायला लावला तर त्या जादा खर्चावर त्याने हक्क सांगितला, यात मला काही वावगं दिसत नाही. थोरल्यांना हे पटवायला वेळ लागला.

एस्क्रोची फी मात्र दोघांची. लोक समजतात की एस्क्रो म्हणजे घेणाऱ्याचा विमा. ते अर्धंच खरं. कार्डाने दिलेल्या पैशांवर पेपालमध्ये १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. नाव हातातून गेल्यावर चार महिन्यांनी पैसे परत ओढले गेले तर विकणारा काय करणार? एस्क्रोमधून सुटलेल्या पैशांना ती धास्ती उरत नाही. म्हणजे संरक्षण दोघांना, तेव्हा वाटाही दोघांचा.

पुतण्याने नवा ईमेल लिहिला. त्यात आधीच्या कायद्याच्या गोष्टीबद्दल दिलगिरी होती, पेपालची मागणी मागे घेतली होती आणि प्रस्ताव होता: भाव १,००० डॉलर, व्यवहार एस्क्रोमधून, फी अर्धी-अर्धी, पैसे बँकेतून. म्हणजे आम्ही १,०२० पाठवायचे आणि त्याच्या हातात ९८० पडायचे. बाजाराची दलाली वाचल्याचं त्याने स्वतःच आधी लिहिलेलं होतं, त्याची आठवण करून द्यावी की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. दिली नाही. तो हिशेब त्यानेही केलेला असणार. त्याने एका दिवसात होकार कळवला.

आता घाई होती. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागणार होता आणि पितृपक्षात थोरल्या नवीन काही घेऊ देत नाहीत. यावर धाकट्यांचं मत वेगळं आहे, पण बँकेची सही थोरल्यांची.

पैसे वाटेत कापले जातात

व्यवसायाच्या चालू खात्यातून परदेशात पैसे पाठवायचे म्हणून बँकेने परदेशी देण्यासाठीचा ए-२ अर्ज आणि आयकर खात्याचा १५सीए फॉर्म मागितला. रक्कम ५ लाखांच्या आतली असल्यामुळे सीएचा १५सीबी दाखला लागला नाही. बँकेने डॉलरला ८४.८० रुपये दर लावला, स्विफ्टचे (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पैसे पाठवण्याचे) १,००० रुपये अधिक जीएसटी घेतले आणि चलनबदलावरचा १५६ रुपये जीएसटी वेगळा.

अर्जावर एक चौकट होती: परदेशी बँकांचे शुल्क कोणी द्यायचे. पर्याय तीन, ओयूआर, एसएचए आणि बीईएन. ओयूआर म्हणजे सगळं पाठवणाऱ्याने भरायचं. बीईएन म्हणजे ज्याला पैसे मिळायचे त्याच्या रकमेतून सगळं कापायचं. एसएचए म्हणजे पाठवणारा आपल्या बँकेचं देतो आणि वाटेतल्या व पलीकडच्या बँका आपापला वाटा रकमेतूनच कापून घेतात. थोरल्यांनी अर्थ विचारला तेव्हा खिडकीवरून उत्तर मिळालं, ‘शुल्क वाटून.’ त्यांना ते चोख वाटलं. फी अर्धी-अर्धी ठरलीच होती, म्हणून एसएचएवर खूण झाली.

ठरली होती ती एस्क्रोची फी. या चौकटीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

एस्क्रोच्या खात्यात १,०२० ऐवजी १,००२ डॉलर पोचले. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने १८ डॉलर कापले होते. व्यवहाराच्या पानावर ‘रक्कम अपुरी’ असा शेरा आला. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय संस्था विकणाऱ्याला नाव सोडायला सांगत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण त्यामुळे ८६ हजार रुपये तिकडे अडकले, नाव इकडे आलं नाही, आणि गणपती बसलेले.

पुन्हा तोच प्रश्न, लहान आकारात: हे अठरा डॉलर कोणाचे? व्यापारी म्हणाला, तुमची बँक, तुमचा खर्च. थोरल्या म्हणाल्या, आम्ही पूर्ण पाठवले, पावती आहे. इथे मी व्यापाऱ्याच्या बाजूने होतो. वाटेत काय कापलं जाईल हे पाठवणाऱ्याच्या एका खुणेवर ठरतं. ती खूण समोरच्याच्या हातात नसते.

पण अठरा डॉलर पाठवायचे कसे? दुसरा स्विफ्ट केला तर पुन्हा १,१८० रुपये, पुन्हा अर्ज, आणि पुन्हा वाटेत कात्री. १८ पाठवून तिकडे शून्य पोचण्याची पाळी. चालू असलेल्या व्यवहारात उरलेले पैसे कार्डाने घ्यायला सेवा तयार नव्हती. एक शक्यता होती: दोन्ही बाजूंच्या संमतीने व्यवहाराच्या अटी बदलणं. एस्क्रोची पूर्ण फी विकणाऱ्यावर टाकली तर घेणाऱ्याकडून फक्त १,००० लागतात, आणि १,००२ जमा होते. पण मग त्याच्या हातात ९८० ऐवजी ९६० पडणार. तो का मानेल?

नावाच्या मुदतवाढीचं ते वाक्य इथे कामाला आलं. एक वर्ष वाढवून देण्याचं त्याने कबूल केलेलं होतं. .कॉमचा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला होता, त्यात आयकॅन या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे १८ सेंट आणि रजिस्ट्रारचा नफा धरला की त्याच्या रजिस्ट्रारकडे साधारण १५ डॉलर. ती अट आम्ही सोडली, मुदतवाढ आम्ही करू असं लिहिलं. त्याचं प्रत्यक्ष नुकसान उरलं पाच डॉलर. आणखी एक गोष्ट त्याला सोपी करून दिली. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याऐवजी त्याच्याच रजिस्ट्रारकडे आम्ही खातं उघडलं, म्हणजे या खात्यातून त्या खात्यात टाकायचं, फुकट आणि काही मिनिटांत. त्याने मान्य केलं. पाच डॉलरसाठी अडून बसण्यापेक्षा व्यवहार संपवणं त्यालाही हवं होतं.

वरचे दोन डॉलर एस्क्रोच्या खात्यात शिल्लक राहिले. परत मागवायचा खर्च त्याहून जास्त आहे.

निकाल

विसर्जनाच्या आधी नाव खात्यात आलं आणि .कॉम टाकणारं गिऱ्हाईक सरळ .इनच्या पानावर येऊ लागलं. हिशेब असा: बँकेतून गेलेले ८६,४९६ रुपये, स्विफ्ट १,१८०, चलनबदलावरचा जीएसटी १५६, आणि मुदतवाढीचे कार्डाने १,३१२. एकूण ८९,१४४. ठरलेल्या ८४,००० वर ५,१४४ रुपये, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडे जास्त. व्यापाऱ्याच्या हातात ९६० डॉलर.

याशिवाय सीएने ही खरेदी परदेशातून सेवा आयात केल्यासारखी धरली आणि रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, १८ टक्के आयजीएसटी भरायला लावला. व्यवसाय नियमित जीएसटीत असल्यामुळे तेवढं क्रेडिट परत मिळालं. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यवसायांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटीत) असलेल्याला ते मिळत नाही, त्याला हा सगळ्यात मोठा वरचा खर्च पडेल, पेपाल आणि स्विफ्ट मिळून होईल त्यापेक्षा मोठा. फीवरून चाललेल्या सगळ्या ईमेलांत याचा कोणी उल्लेखही केला नव्हता. इथे विकणाऱ्याचा काही संबंधच नसल्यामुळे असेल.

पहिल्या दिवशी आलेलं बिल मुकाट भरलं असतं तर ९१,४९५ गेले असते, मुदतवाढ त्यातच. म्हणजे एवढी घासाघीस करून २,३५१ रुपये वाचले. मधल्या काळात परदेशी पार्सलांच्या डब्यांची झाकणं जुन्या पत्त्यासह छापून झाली होती, त्यांवर नव्या पत्त्याचे स्टिकर लावावे लागले.

धाकट्यांचं म्हणणं अजूनही हेच आहे की त्या दिवशी बिल भरायला हवं होतं. कार्डावर तक्रारीची सोय होतीच, मग संरक्षणाचा मुद्दा कुठे उरतो? थोरल्या म्हणतात, ‘आज चार टक्के मुकाट दिले तर उद्या दुसरा आठ मागेल.’ मला विचाराल तर आकड्यांपुरतं धाकट्यांचं पारडं जड आहे. एस्क्रोने कार्डापेक्षा जास्त काही दिलं ते विकणाऱ्याला, घेणाऱ्याला नव्हे. रक्कम पाच-सहा हजार डॉलर असती तर माझं उत्तर बदललं असतं, कारण टक्के रकमेबरोबर वाढतात आणि स्विफ्टचे हजार रुपये तेवढेच राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

भाव आणि पैसे देण्याची पद्धत एकाच ईमेलमध्ये ठरवायला हवी होती. ‘१,००० डॉलर मान्य’ एवढ्यावर थांबल्यामुळे पुढचे तीन आठवडे गेले. त्यातही टक्क्यांवर बोलण्यापेक्षा सरळ एक आकडा पकडावा. एक तर ‘आमच्या हातून एकूण इतके जातील, त्यातून तुमचे सगळे खर्च तुम्ही बघा’, नाही तर ‘तुमच्या हातात इतके पडतील, बाकी आम्ही बघतो’. घेणाऱ्याने पहिल्या प्रकारे बोलावं असं माझं मत आहे. तसं बोललं की स्वस्त मार्ग शोधायची गरज विकणाऱ्याला वाटते, आणि त्याच्याकडचे मार्ग त्यालाच जास्त माहीत असतात. या प्रकरणात पुतण्याने १,०२० एकूण असा प्रस्ताव सुरुवातीलाच ठेवला असता तर व्यापाऱ्याने पेपालला स्वतःच नकार दिला असता.

चौकटीवर ओयूआरची खूण केली असती तर बँकेने साधारण १,५०० रुपये जादा घेतले असते. वाटेत कापले गेलेले १८ डॉलर म्हणजे १,५१२ रुपये. पैशात फरक शून्य. फरक इतकाच की ओयूआरमध्ये खर्च किती हे आधी कळतं आणि पलीकडे आकडा पूर्ण पोचतो. एस्क्रोसारख्या ठिकाणी, जिथे एक डॉलर कमी पडला तरी गाडी थांबते, तिथे एसएचए निवडायचं कारणच नाही.

कायद्याचा हवाला पहिल्याच उत्तरात देणं टाळायला हवं होतं. तो चुकीचा निघाला म्हणून नव्हे. बरोबर असता तरी त्या व्यापाऱ्याने बिल मागे घेऊन भाव १,०५० केला असता, आणि त्याला कोण अडवणार होतं?

पुतण्याने नंतर इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्या एका नावाची चौकशी केली. त्याचा पहिलाच ईमेल असा होता: आमच्या बाजूने एकूण ६०० डॉलर. व्यवहार एस्क्रोमधून, त्याची फी यातूनच. बँकेचा आमच्या बाजूचा आणि वाटेतला खर्च आमचा, तो या ६०० बाहेर. चालू मुदत संपेपर्यंतचा खर्च तुमचा, पुढची मुदतवाढ आमची. त्या मालकाने ६५० मागितले, बाकी अटींना हरकत घेतली नाही. ६२५ ला सौदा झाला.

.कॉमची मालकी बदलली की त्या रजिस्ट्रारने ते ६० दिवस हलवू दिलं नाही, त्यामुळे दिवाळीचा मोसम परदेशी रजिस्ट्रारकडेच काढला. ते ६० दिवस संपल्यावर पुतण्याने ते भारतीय रजिस्ट्रारकडे आणलं. हस्तांतरणाबरोबर एक वर्ष वाढून मिळालं. बिल रुपयात होतं, त्यात जीएसटी धरलेला होता, पैसे यूपीआयने गेले.